दिसत नाही, इतकंच

रक्ताचे कागद मी साडीच्या खोक्यात ठेवतो,
घडी न मोडता.
पहिला चार वर्षांपूर्वीचा. चार कोटी वीस लाख,
एका मिलिलिटरात.
लॅबातल्या नाझनीनला म्हटलं, शून्यं जास्त पडली की काय,
मशीन नवीन आहे का तुमचं?
ती हसली नाही.
फणीला किती घरं ते मला विचारा,
इंचात किती तारा, डोळे मिटून बोटानं सांगेन.
पण चार कोटी?
आमच्या गल्लीतले सगळे ताणे उलगडले
तरी तेवढे धागे भरायचे नाहीत.

आणि मला काही होत नव्हतं.
हे मुद्दाम सांगतो, कुणाला खरं वाटत नाही.
भूक चांगली, डोळे पांढरे,
रात्रपाळीला दोन माग एकटा सांभाळत होतो.
मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली,
आठव्या दिवशी फोन आला.

आई पिवळी पडली होती तेव्हा
तिच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली होती.
माळ लांबत खाली आली की कावीळ उतरली, म्हणायचे.
माळ लांबली.
गळ्यात आली, पोटावर आली,
पोट तेव्हा पाण्यानं तट्ट.
आई गेली त्या दिवशी माळ गुडघ्याला लागत होती.

डॉक्टर हिरेमठ कन्नडात बोलतात, इंग्रजीत लिहितात,
मला ते मराठीत कळतं, घरी पोचेपर्यंत.
ते म्हणाले यकृत.
खाटकाकडे त्याला कलेजी म्हणतात,
घरी आम्ही काळीज.
बरगड्यांच्या मधे यंत्र टेकवून टकटक केलं,
खानापूरचा माठ घेताना करतो तसं.
अकरा पूर्णांक चार.
मऊ हवं होतं, घट्ट व्हायला लागलंय.

मग त्यांनी पेनानं एक गोल काढला.
पेशीच्या गाभ्यात त्याचं असं कडं असतं,
सुरुवात नाही, शेवट नाही.
मी म्हटलं, जॅकार्डचे पत्ते.
भोकं पाडलेले, दोऱ्यानं ओवलेले,
शेवटचा पत्ता पहिल्याला बांधलेला.
फिरत राहतात, तीच कोयरी परत परत उतरत राहते.
डॉक्टर थांबले. म्हणाले, हौदु, तसंच.
गोळी धोटा अडवते.
नक्षी विणली जात नाही.
पत्ते वर टांगलेलेच.

एकतीसशे. मग दोनशे चाळीस.
टकटक आठावर आली.
माझा आणि परशरामचा आकडा बरोबरीनं उतरत होता,
एकाच आईचे आम्ही.
त्याच्या कागदावर आधी आलं: आढळला नाही.
त्यानं गल्लीत पेढे वाटले,
गोळ्यांची बाटली वहिनीनं जिऱ्याला घेतली.

आठ महिन्यांनी सिव्हिलमधे,
पिवळ्या डोळ्यांनी छताकडे बघत मला म्हणाला,
कागदावर तर नव्हता की रे.

मी डॉक्टरांना तेच विचारलं. जरा मोठ्यानंच.
त्यांनी चष्मा काढला.
"इल्ल अंत अल्ल. काणल्ल, अष्टे."
नाही असं नाही. दिसत नाही, इतकंच.
बसस्टँडपर्यंत चालत आलो,
ते वाक्य दोन्ही भाषांत तोंडात घोळवत.
कन्नडात ते लहान होतं.

परशराम अजून आत आहे. परत तीच गोळी.
वहिनी रोज विचारते, आकडा किती?
मी सांगतो, उतरतोय.
एवढं मला सांगता येतं.

तेजूला तिन्ही लशी झाल्यात, पहिली जन्मली त्या दिवशीच.
तिचा कागद वेगळ्या खोक्यात.

काल माझ्यावरही आलं: आढळला नाही.
घडी घातली, ठेवला.
नऊ वाजता लाईट गेली, गल्ली एकदम गप्प.
अंधारात वर पत्ते थोडा वेळ हलत होते,
मग तेही थांबले.
चाचपत बाटली काढली.
शेवंतानं विचारलं, आता कशाला?
पाणी दे, म्हटलं.