चिंचोक्याएवढं

गाडी विकताना डॉक्टर म्हणाले होते,
वरची खिडकी तेवढी उघडू नका. बंदच बरी.
काचेच्या कडेनं त्यांनी सिलिकॉन भरलं होतं,
मोरीच्या फरशीला भरतात तसलं, पांढरं,
त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा वाळून राहिलेला.

मी वाशीच्या मसाला मार्केटात जमाखर्च लिहितो.
दिवसभर डोक्यावर पत्रा, पत्र्याखाली धूळ,
धुळीला जिऱ्याचा वास.
वीस वर्षांची गाडी मी इंजिन ऐकून घेतली नाही,
त्या काचेसाठी घेतली.
घरी सांगितलं, स्वस्त पडली.
प्रमिला एवढंच म्हणाली,
छपराला भोक असलेली वस्तू आपण पहिल्यांदाच
पैसे मोजून आणली.

रबाळ्याला, नाल्याच्या अलीकडे, हरेश्वर केणीचं गॅरेज.
त्यानं बटण दाबलं. वर कुठेतरी मोटर कण्हली
आणि टक टक करून गप्प झाली.
मी पुन्हा दाबायला गेलो तर मनगट धरलं:
जोर नका करू शेठ. ती नाही म्हनते ना,
मग का नाही म्हनते ते बगू.

ब्लेडनं सिलिकॉन सोललं, सायीसारखं, एका तुकड्यात.
दिव्याचं झाकण काढलं, आत षटकोनी भोक,
त्यात पाना घालून हातानं फिरवत
काच बोटभर मागे आणली, मग वीतभर.
रुळातल्या वंगणाचा डिंक झाला होता.
डिंकात एक मेलेली गांधीलमाशी, शिरीषाची पानं,
सोनेरी चमकीचे दोन कण,
आणि अक्षता.
हळद उडालेली, कुंकू उडालेलं, तरी अक्षताच.
डब्यातले तांदूळ वेगळे दिसतात.

डॉक्टर तर म्हणाले होते, एकहाती गाडी,
घर ते दवाखाना, दवाखाना ते घर.
मी फोन बाहेर काढला. पुन्हा खिशात ठेवला.
खरेदीच्या कागदावर तो रकाना नव्हता.

कंपनीवाले म्हणाले होते, अख्खी चौकट बदला,
अठ्ठावन्न हजार, वर कर.
हरेश्वरनं माझ्या तळहातावर मोडका तुकडा ठेवला,
प्लास्टिकचा, चिंचोक्याएवढा.
एवडंच गेलंय, म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला.

पलीकडच्या गाळ्यात मोइनुद्दीन लेथवर,
चष्मा कपाळाला, पुढ्यात नायलॉनचा दांडा.
पहिला मोठा झाला. दुसराही.
तिसरा उडून कुठे गेला तो शेवटपर्यंत सापडला नाही.
चौथा बसला.
तीनशे रुपये, आणि सगळ्यांचा चहा माझ्याकडून.

बटण दाबलं. काच सरसर मागे गेली.
वर गॅरेजचा पत्रा होता, आणि पंखा.
मला हसूच आलं.
गाडी ढकलत बाहेर काढली, मी आतच बसून राहिलो,
मान मागे टाकून.
कळव्याकडून येणाऱ्या विजेच्या तारा, सहा,
खतावणीचं पान आखावं तशा.
पान कोरं होतं.

हरेश्वर वर बघतच नव्हता.
उगडायला काय, कोनीपन उगडील.
पानी जातंय का ते बगा. उतरा खाली.
काचेच्या चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात,
खांबांच्या पोटातून जमिनीकडे जातात,
हे मला पन्नाशीत कळलं.
त्यानं प्रत्येकीत सायकलच्या ब्रेकची तार फिरवली होती.
आता वरून मगभर पाणी ओतलं.
मी पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो.

आला का?
नाही.
आला?
थांब.
आधी काळा थेंब. मग गढूळ धार, करंगळीएवढी,
मग निवळत गेलेलं पाणी
आणि त्या पाण्याबरोबर एक तांदूळ,
फुगून दुप्पट झालेला, थेट माझ्या चपलेपाशी.

मी पाय मागे घेतला.

मागची डावी नळी अजून तुंबलेलीच आहे.
गुरुवारी या म्हणालाय.