लाभ

कोथिंबीर आणलीय, गाजराच्या पाल्यात गुंडाळून,
तुर्भ्याच्या मार्केटातून, दहिवर अजून तिच्यावर.
खारीक उठत नाही.

परवापर्यंत मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असतानाच
दारामागे हिच्या नखांची टकटक.
दिवेलागणीला तर अंगात वारं शिरायचं,
हवेतच अंग पिळून उडी,
आणि सुधन्वाच्या चार्जरची एक वायर कमी.

आता कपाटाखाली, कान पाठीला चिकटवून,
दात बारीक वाजवत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेच दुखणं. ससा कण्हत नाही.

पस्तीस वर्षं मापाडी आहे मी.
कांद्याची गोण नुसती गुडघ्याला टेकली
तरी किलोभराचा फरक सांगतो.
हिला तर रोज मांडीवर घेतो,
आणि ही पावभर उतरली
हे मला स्वयंपाकघरातल्या काट्याने सांगावं?

बायको सिरिंजने हिरवं पाणी भरवते गालाच्या फटीतून,
अर्धं तिच्याच गाऊनवर.
"वजनं कसली घेताय? पोट चोळा."
चोळतो. दोन बोटांनी, हळू.

रात्री तीन. घणसोलीत खाली टेम्पो गरम होताहेत.
निघायचंय. चप्पल घालता घालता
वाकून पाहिलं कपाटाखाली:
वर्तमानपत्रावर एक लेंडी,
मिरीएवढी, वेडीवाकडी.

मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.
लाभ, म्हणालो.
आणि तिथेच उकिडवा बसलो,
एका पायात चप्पल,
दोनची वाट बघत.