रेघ उमटली नाही तर

वोटेच्या बाजारामागे, धान्याच्या गोदामाला टेकून
एक निळा कंटेनर आहे.
पूर्वी त्यातून सायकली आल्या होत्या,
आता त्यात मी बसते:
पांढरा कोट, दोन पंखे,
जनरेटरवर असलो की एकच.

माझं काम सोंगाचं आहे.
विषाच्या सोंगाचं.

खरं विष मक्याच्या दाण्यात बसतं,
हिरवट बुरशी झडून गेली तरी बसून राहतं.
वास नाही, चव नाही,
उकळलं तरी मरत नाही,
कारण जिवंत ते कधी नव्हतंच.
न्झियोकाच्या धाकट्याचे डोळे
पिकल्या पपईसारखे झाले,
तेव्हा कुणीतरी म्हणालं, नजर लागली.

त्याला ओळखणारी प्रतिपिंडं आमच्याकडे कुपीतून येतात,
कस्टममध्ये तीन दिवस ताटकळून, बर्फ अर्धा वितळलेला.
पण पट्टीवर त्यांच्यासाठी आधी
थोडं विष लावून ठेवावं लागे.
म्हणजे विष शोधायला विष विकत आणायचं,
हातमोज्यांच्या दोन जोड्या घालून, श्वास आखडून.

मग दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेत
कुणीतरी अब्जावधी विषाणू पाखडले.
प्रत्येकाच्या टोकाला वेगळी माळ, बारा बारा मण्यांची.
धुतलं, झटकलं, पुन्हा धुतलं,
प्रतिपिंडाला धरून राहिले तेवढे ठेवले.
कवाटा मावशी सुपात मका पाखडते, तसंच.
चौथ्या पाखडणीला एक माळ उरली,
विषाशी जिचं ना नातं ना गोतं.
विष म्हणजे एकमेकांत घट्ट अडकलेल्या कड्या,
ही नुसती लवचीक दोरी.
पण प्रतिपिंडाच्या खोबणीत शिरताना
अशी काही मुरडते
की ते फसतं.

मी तिला तोतया म्हणते.
रोज सकाळी तोतयाला पट्टीवर बसवते.
गिळला तरी काही होत नाही म्हणतात.
मी गिळून पाहिलेला नाही.

नियम सोपा आहे, आणि उलटा.
पिठात विष नसेल
तर प्रतिपिंडं मोकळ्या हातांनी येतात,
तोतयाला मिठी मारतात,
लाल रेघ उमटते.
विष असेल तर हात आधीच भरलेले.
तोतया ताटकळतो.
रेघ नाही.
(वर आणखी एक रेघ असते,
ती एवढंच सांगते की पट्टी शुद्धीवर आहे.)

गुरुवारी मावशी आली,
सिसलच्या पिशवीत दोन किलो नमुना.
अकरा पोती, एमालीच्या व्यापाऱ्याशी भाव ठरलेला,
फक्त कागद हवा होता.
दाणे टपोरे. मीच दळले, मीच गाळले, थेंब सोडले.
पंधरा मिनिटं आम्ही शेळीबद्दल बोललो,
ती व्यायली की नाही याबद्दल,
आणि मी अजून लग्न का केलं नाही याबद्दल.

वरची रेघ आली.
खाली पांढरं.
मावशीने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि हसली,
"काहीच आलं नाही.
म्हणजे काही नाही ना?"

मी दुसरी पट्टी फाडली.
मग तिसरी.
बाहेर कुणीतरी पोती ओढत होतं.
कसं सांगायचं
की इथे रिकामं म्हणजे भरलेलं,
की खोट्याला भेटायला आज कुणी आलं नाही
कारण सगळे खऱ्याच्या गळ्यात पडलेत?

सांगितलं. कांबा भाषेत, तोतया, व्यापारी, रिकामं दार
असं काय काय करून.
तिने पट्टी हातात घेतली, उलटी करून पाहिली,
मागच्या बाजूला तरी काही असेल म्हणून.
पोत्यांचं काही विचारलं नाही.
म्हणाली,
"फेब्रुवारीपासून आम्ही हेच खातोय."

त्याची पट्टी माझ्याकडे नव्हती.

मका इथेच ठेव, म्हटलं, जाळावा लागेल.
तिने मान डोलावली.
"पिशवी मात्र झटकून दे," म्हणाली,
"पिशवी चांगली आहे."