शुद्ध वजन

इपोहच्या कोर्टात मला तीनच प्रश्न विचारले.
काटा शेवटचा कधी तपासला? मार्चमध्ये.
लाखेचं सील शाबूत होतं? होतं.
शुद्ध हेरॉइन किती?

पंधरा ग्रॅम, वर दोन दशांश.

पंधराच्या अलीकडे माणूस नुसता बाळगणारा,
पंधरा भरले की विकणारा.
नसेल, तर ते त्यानेच सिद्ध करायचं.
रोस्लान बिन चे मात, लॉरीवरचा क्लीनर,
माझ्याकडे बघत होता
गिऱ्हाईक काट्याकडे बघतं तसा.

आजोबा कोटा भारूला सोनार होते.
रतनगुंजेच्या लाल बिया टाकून तोलायचे,
चार बियांचा एक ग्रॅम.
समोरच्या बाईच्या चपला झिजलेल्या दिसल्या
की माप झुकतं द्यायचे,
आणि दोष बीवर ढकलायचे: जुनी आहे, हलकी झाली असेल.

माझा काटा काचेच्या पेटीत राहतो.
त्याच्यासाठी पंखा बंद करायचा, दार लावायचं,
आकडा थरथरायचा थांबेपर्यंत
श्वास धरून ठेवायचा.
मी धरला होता.

वरचे दोन दशांश म्हणजे
एका बीलाही कमी.

वकीलबाई ज्ञानम यांनी फाइल मिटली.
कारकुनाने भत्त्याच्या पावतीवर माझी सही घेतली,
पेन परत मागितलं.

तपासताना थोडं खर्ची पडतंच.
समोर टेबलावर ठेवलेल्या त्या पाकिटात
आज पंधरा भरणार नाहीत.
चौथा प्रश्न कुणी विचारला नाही.