बिघाडवही

दाभोळ. रात्रपाळी. कोंबडीच्या दुकानावरची खोली,
दोन रॅक, एक पंखा, एक बॅटरी जी मेपासून फुगलीय.
बिघाडवहीत चार रकाने : वेळ, ठिकाण, कारण, सही.
कारणं मला पाठ आहेत.
उंदीर. जेसीबी. वीज. हातखंब्याचं वळण आणि तिथला डंपर.
एकदा वानरं. ते मी लाल शाईनं लिहिलं होतं.

आज वेळ लिहिली : पाच वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद.
तिथंच पेन थांबलं.
उंदीर घड्याळ बघून कुरतडत नाही.

आलेख बघ, तौसीफला म्हटलं.
वादळात तो कसा पडतो तुला माहीत आहे,
धापा टाकत, आधी एक टॉवर, मग दुसरा, मग अख्खं गुहागर,
मधेच उठून बसतो, डिझेल संपेपर्यंत तग धरतो.
हा पडला नाही. हा कड्यासारखा उभा कापलाय.
ओहोटीसुद्धा अशी जात नाही.
जाताना चिखलावर रेघा ठेवते, कुर्ल्यांची भोकं ठेवते,
एखादं पोर हरवलेली चप्पल शोधत मागे राहतं.

तौसीफनं काचेच्या तारेत उजेड सोडून पाहिला.
तार तुटली असली की उजेड तिथून माघारी येतो
आणि सांगतो : नऊ किलोमीटर सातशे मीटर, मोरीखाली.
आज तो चिपळूणपर्यंत गेला, बिनतक्रार पोचला.
काच शाबूत.
सगळे दिवे हिरवे. इतके हिरवे
की आम्ही दोघेही खुर्चीवरून उठलो.

मग रस्ते पाहिले.
प्रत्येक जाळं शेजारच्या जाळ्याला दिवसरात्र सांगत असतं,
मी इथे आहे, माझ्याकडून या.
पाचाच्या ठोक्याला एकानं सांगितलं, मी इथे नाही.
त्याच सेकंदाला दुसऱ्यानं, तिसऱ्यानं,
ज्यांचं बारा महिने एकमेकांशी पटत नाही त्यांनी, एका सुरात.
घराच्या आतूनच कुणी ओरडावं,
घरात कुणी नाही,
तसं.
नावानं हाक मारली, ओ नाही.
आकड्यानं मारली, सहा उड्यांपर्यंत पोचली,
पुढे पडद्यावर तीन चांदण्या.
खाली तीन चांदण्या.
खाली तीन चांदण्या.

फोन मात्र लागत होता. आवाज ठेवला होता त्यांनी.
जोरहाटला एक ओळखीचा आहे, प्रशिक्षणात शेजारच्या खाटेवर असायचा.
तो म्हणाला, पाच. मी म्हटलं, पाच.
मग बराच वेळ आम्ही पोराबाळांची चौकशी केली.

फजरच्या वेळी मैमुनाखाला मुकादम :
"कुवेतचा तोंड गोठलाय रे, अर्ध्या शब्दावर. उघडाच रवलाय."
म्हटलं, फोन बंद करून चालू करा.
हे मी सगळ्यांनाच सांगतो.

उजाडता बंदरावर गेलो. बोटी आल्या होत्या,
त्यांच्या वायरलेसला काही कळलेलं नव्हतं.
पैसे आले की बोलणारा डबा
सौंदाळ्यांच्या पाटीशेजारी मुका बसलेला.
उलका पालशेतकरीण कमरेच्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा मोजत होती.
माझा गळ्यातला पट्टा बघून म्हणाली,
"नेट गेलाय, का घालवलाय?"

परत आलो. वही उघडीच होती.
दुपारपर्यंत वरून निरोप येईल : तांत्रिक कारणास्तव.
आणि खाली सही माझी.
तुटली, असं लिहिलं तर कुणाला काही विचारता येत नाही.
भिंत पडते, दूध नासतं, तार तुटते.
तोडली, असं लिहिलं
की मराठी लगेच मागे लागते : कोणी?

मी आधी "तोडली" लिहिलं.
मग त्याच्या डावीकडे "ने".
त्याच्याही डावीकडे थोडी जागा सोडली,
एका नावापुरती.

तौसीफनं खांद्यावरून वाचलं.
म्हणाला, जरा जास्त सोड.