वाजवून घेणं

एकोणीस वर्षं भाड्यानं काढल्यावर
अजमानमधला हा जुना फ्लॅट आमच्या नावावर झाला,
आणि त्याच रात्री लक्षात आलं,
आता खिळा ठोकायला कुणाला विचारायला नको.
श्रीरंगनं एक ठोकलाही. उगाच.
त्यावर अजून काही टांगलेलं नाही.

मग मी चौकडीच्या वहीत स्वयंपाकघर काढलं,
एक चौकट म्हणजे एक वीत.
इथं ओटा, इथं पिठाचे डबे,
गॅसच्या डाव्या हाताला खिडकी.
तिथं खिडकी नाहीच, पलीकडं शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे,
पण कागदावर मी ती राहू दिली.

पहिला भेटला शोरूममध्ये.
कॉफी दिली, पडद्यावर माझं स्वयंपाकघर गोल फिरवलं,
त्यात एक सोनेरी केसांची बाई सफरचंद कापत होती.
कोटेशन अकरा पानांचं.
मी शाळेत हिशोब तपासते;
नवव्या पानावर ‘इतर’ सापडलं,
आणि ‘इतर’ सगळ्यात महाग होतं.

दुसरा सगळ्याला हो म्हणाला.
भिंत पाडायची? हो. नळ पलीकडं न्यायचा? हो.
दहा दिवसांत? सात घ्या.
इमारतीची एनओसी? ते बघून घेऊ.
मी मुद्दाम विचारलं, खाडी जरा अलीकडं सरकवाल?
तो म्हणाला, बजेट सांगा.

सत्तार मुकादम शुक्रवारी आला, नमाज आटोपून,
चपला दाराबाहेर काढून.
दापोलीकडचा. सनैयात फरशीच्या दुकानामागं खोली.
वही पाहिली नाही. खिशातून एक दिरहम काढला,
किटलीचं चित्र असलेला,
आणि गुडघ्यांवर बसून
एकेक फरशी वाजवू लागला.
टण्ण. टण्ण. बद्द.
मडकं वाजवून घ्यावं म्हणतात;
हा माणूस घर वाजवत होता,
आम्ही विकत घेऊन चुकल्यावर.
बद्द बोललेल्या फरशीवर खडूची फुली.
त्रेचाळीस फुल्या.
‘बाकीच्या राहू द्या वहिनी, कशाला पैसे घालवता.’

मग नाही, नाही, नाही.
भिंत नाही, तिच्या पोटात सगळ्या इमारतीचा पाइप आहे.
नळ नाही. जूनमध्येही नाही,
टाकीचं पाणी कढत येतं, सिमेंट घाईनं आवळतं,
आणि घाईनं आवळलेलं तडकतं.

आकडे त्यानं टाइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिले.
मी बेरीज केली. त्याची दोनशेनं कमी आली होती.
सांगावं का, हे मी क्षणभर तोललं.
हेही इथं लिहून ठेवते.
सांगितलं. तो बोटं मोजत पुन्हा उतरला त्या रकान्यातून,
म्हणाला, ‘मग दोनशे वाढवा.’
ना आभार, ना शरम.

चहा पिताना श्रीरंगनं विचारलं, गावी घर?
‘चाललंय. आठ वर्षं.’
पुतण्याच्या ओळखीचा कंत्राटदार, दर महिन्याला फोटो येतो.
त्यानं मोबाइल पुढं केला.
स्लॅब. दुसऱ्या बाजूनं स्लॅब.
तिसऱ्या फोटोतही तोच स्लॅब,
कारण कोपऱ्यात तीच लाल बादली, तशीच कलंडलेली.
‘स्लॅबचे पैसे तीनदा गेले,’ तो म्हणाला,
बिस्किट चहात बुडवत.

मला राहवलं नाही. तुम्ही तर लोकांची जमीन वाजवून सांगता…
‘फोटोवर नाणं कसं वाजवणार, वहिनी?’

काम ऑक्टोबरात सुरू करायचं ठरलं.
एक तृतीयांश आगाऊ दिले, पावतीवर सही घेतली;
त्यानं सही दोनदा केली, पहिली नीट उमटली नाही म्हणून.
निघताना वही पाहिली शेवटी,
गॅसच्या डाव्या हाताला बोट ठेवलं.
‘ही?’
असू दे, मी म्हटलं.
‘हिचे पैसे लावले नाहीत मी,’ तो म्हणाला
आणि चपला शोधू लागला.