न कापलेलं कापड

सिंदेवाहीच्या बाजारगल्लीत माझं मशीन,
कुकर दुरुस्तीवाल्याला लागून, पत्र्याखाली.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय करता?
म्हटलं, ब्लाउज शिवते. पिको-फॉल.
त्या हसल्या. म्हणाल्या,
मग तुम्हाला लवकर समजेल.

अंगातलं बहुतेक सगळं बेतून झालेलं असतं.
कातडी कातडीच्या मापाची, डोळा डोळ्याच्या,
आणि एकदा बाही कापली
की तिचा परकर होत नाही.
पण हाडाच्या पोकळीत, पार आत,
थोडं थान अजून उलगडायचं असतं.
तिला म्हणतात मूळपेशी.
ती दोन होते. एक जाते कात्रीखाली,
तांबडी होते, पांढरी होते,
जखमेवर खपली धरणारी चिंधी होते.
दुसरी घडी न मोडता परत फडताळात.
म्हणून थान संपत नाही.

पण तिले कोण सांगते, तू लाल हो?
शेजार, म्हणाल्या. आजूबाजूच्या पेशी
चिठ्ठ्या धाडत असतात सारख्या.
मापाची वही सगळ्यांकडे एकच, अख्खी.
ज्याचं जे पान तेवढं उघडं,
बाकीची टाचून टाकलेली.

शीलरत्नच्या वहीत एक अक्षर चुकलं होतं.
एकच.
बाबांकडून आलं, मायकडूनही आलं,
दोघांना कधी ताप नाही का दुखणं नाही.
तेवढ्यानं गोल पेशीचा विळा होतो
आणि शिरेच्या वळणावर अडकून बसतो.
सात वर्षांचा असताना मांडी धरून म्हणायचा,
ताई, हाडात कोणी दळून राहिलं.
माय रात्रभर वीट तापवायची.

थोरल्याचं जुळलं नाही. माझं जुळलं.
ते अक्षर माझ्याकडेही आहे, पण एकाच बाजूला,
चालतं, म्हणाल्या.
सासूनं फक्त एवढंच विचारलं,
कमरेतून काढतीन, मंग लेकरू होईन ना?
होईल, होईल. सूनबाईंचं थान आपोआप भरतं.

आधी त्याचं शेत औषधानं चिखलून रिकामं केलं.
केस गेले. ओठ फाटले. पाणीसुद्धा कडू.
मग माझे पऱ्हे, एका पिशवीत,
टोमॅटोच्या साराइतके लाल,
हाताच्या शिरेतून थेंब थेंब.
रस्ता कोणी दाखवला नाही.
बायका परक्या गावात हापशी शोधतात
तशा त्या हाड शोधत गेल्या.

सतरा दिवस काही नाही.
अठराव्या दिवशी पांढऱ्या पेशी: दोनशे.
मायनं बाबांना फोन लावला,
दोनशे, दोनशे, आणि पुढं बोलताच येईना.
बाबांना वाटलं, पैसे.

पुढं रिपोर्ट आला.
त्याचा रक्तगट बी होता, आता माझा, ओ.
आणि रक्ताची खूण बाईची.
तो म्हणाला, म्हंजे मी अर्धी पोरगी?
म्हटलं, नाही रे बावा, नुसतं रक्त.
बाकी आहेस तसाच, हट्टी.

रत्नापूरच्या रोशनी मडावीचं कोणाशीच जुळलं नाही.
ती गोळ्या घेते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रक्त चढवते.
बारावीच्या निरोपाचा ब्लाउज माझ्याकडेच टाकलाय,
दंडाला सैल ठेव म्हणाली, सुईच्या जागा दुखतात.
याच्यापुढं मला काही लिहिता येत नाही.

बसस्टँडवर नवा बोर्ड लागलाय:
मूळपेशींनी गुडघा, साखर, टक्कल, सगळं बरं.
कुकरवाले काका विचारतात, जाऊ का?
मी बाईंना फोन केला.
म्हणाल्या, अजून नाही. शोध सुरू आहे.
आधी विचारा, कात्री कोणाच्या हाती आहे.

थंडी पडली आहे. धान कापून झालं.
शीलरत्न तेराचा, बोडीत उतरलाय,
ज्या गार पाण्याची आम्हाला सहा वर्षं धास्ती,
त्यात गळ्यापर्यंत.
मी काठावरून ओरडते, सवयीनं,
निघ बाहेर, हाडं धरतीन.
तो ऐकत नाही.